कॉम्प्युटरचा सगळा आवाज प्लगिनमधून काढायचा? आधी कुठला आवाज कुठल्या वाटेनं जातो ते बघा

वसमतच्या एका तरुण मित्रानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. १० बाय १२ फुटांची स्लॅबची खोली, उंची १० फूट. यामाहा एचएस ५ स्पीकरची जोडी, दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस (माइक आणि स्पीकर कॉम्प्युटरला जोडणारा डबा), विंडोज लॅपटॉप, आणि रेकॉर्डिंग-मिक्सिंगला रीपर हे सॉफ्टवेअर. काम भजन, भारूड, गोंधळ आणि एप्रिलच्या आसपास भीमगीतं. खोलीत कुठले सूर फुगतात ते मोजून दुरुस्तीचा ईक्यू (आवाजाचे पट्टे कमीजास्त करणारा इक्वलायझर प्लगिन) मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक जिथं एकत्र होतात तिथं, बसवला, पण दोनदा तो चालू राहिला आणि फाइल तशीच मंडळाकडे गेली. “पखवाजात दमच नाही,” असं ऐकावं लागलं. यूट्यूबवर संदर्भाची गाणी ऐकताना तो ईक्यू नसतोच, त्यामुळे तुलनाही धड होत नाही. मग विंडोजच्या आवाजावर ईक्यू लावणारं इक्वलायझर एपीओ टाकलं. ते ब्राउझरला लागलं, रीपरला लागेना. कुणीतरी व्हर्च्युअल केबल (एका प्रोग्रामचा आवाज दुसऱ्यात नेणारं सॉफ्टवेअर) सुचवली, तर आता आवाज कडकड तुटतो आणि गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून ऐकू येतो. महागडं सॉफ्टवेअर घेतलं तर हे सगळं सुटेल का?

भाऊ, तुमचं एपीओ बिघडलेलं नाही. त्याला जिथं बसवलंय तिथं ते इमानदारीनं काम करतंय. प्लगिन सगळीकडे कसं चालवायचं असं तुम्ही विचारलंय, पण तुमची गरज मी अशी समजतो: स्पीकरपर्यंत पोचणारा प्रत्येक आवाज दुरुस्तीतून एकदा, आणि एकदाच, जायला हवा, आणि मंडळाला देणार त्या फाइलमध्ये दुरुस्तीचा लवलेशही नको. ह्या दोन अटी कशानं पाळल्या जातात हे तुमच्या सिस्टिमवर, इंटरफेसच्या ड्रायव्हरवर, तुम्ही स्पीकरवर ऐकता की हेडफोनवर आणि त्या क्षणी रेकॉर्डिंग चालू आहे की नुसतं मिक्सिंग, ह्यावर अवलंबून आहे. म्हणून सरसकट एक उत्तर देणार नाही. तुमच्या सामानावर मी काय केलं असतं ते सांगतो आणि का तेही सांगतो.

आधी पखवाजाचं बघू, कारण त्यातच मूळ आहे. तुमच्या खोलीची रुंदी आणि उंची दोन्ही १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये पहिला घुमणारा सूर ५६ हर्ट्झला येतो आणि दुसरा ११२ ला. भिंत-भिंत आणि फरशी-स्लॅब अशा दोन्ही जोड्यांचे सूर एकाच ठिकाणी पडतात, त्यामुळे ते दुप्पट अंगावर येतात. १२ फुटांच्या लांबीचा पहिला सूर ४७ च्या आसपास आणि दुसरा ९४ ला. म्हणजे तुमच्या खोलीत ९० ते ११५ च्या पट्ट्यात आवाज फुगतोच. मोजणीत तो फुगवटा दिसला, ईक्यूनं तिथं खड्डा पाडला, बरोबरच केलं. पण कणीक लावलेल्या पुडीचं भरलेपण ज्या पट्ट्यात असतं तो हाच. तो खड्डा फाइलमध्ये छापला गेला आणि मंडळाच्या घरी तर तुमच्यासारखी फुगणारी खोली नव्हती. पखवाजातला दम तिथं गेला.

आता एपीओ रीपरला का लागत नाही ते. आपल्याकडे बहुतेक घरांत पाणी दोन वाटांनी येतं: गच्चीवरच्या टाकीतून, आणि एखादा नळ थेट बोअरच्या पाइपावर. टाकीच्या तोंडाला जाळी बसवली तर टाकीवरचे सगळे नळ गाळलेलं पाणी देतात, पण बोअरच्या नळाला त्या जाळीचा पत्ताही नसतो. विंडोजचा स्वतःचा मिक्सर म्हणजे ती टाकी. ब्राउझर, व्हीएलसी, व्हॉट्सअ‍ॅप, सगळ्यांचा आवाज आधी तिथं जमा होतो आणि इक्वलायझर एपीओ तिथंच बसतं. रीपर मात्र एएसआयओ ड्रायव्हरवर चालतं. स्टाइनबर्गनं १९९७ साली हा प्रकार काढला तोच मुळी मधला मिक्सर टाळून प्रोग्रामनं इंटरफेसशी थेट बोलावं म्हणून. एएसआयओ फोर ऑल वापरलं तरी तेच, तेही विंडोजचा मिक्सर बाजूला ठेवतं. वासापी ही विंडोजचीच आवाज पाठवायची पद्धत, पण तिच्या एक्सक्लूझिव्ह मोडमध्ये, म्हणजे इंटरफेस एकट्यानं ताब्यात घेऊन, चालणारे प्लेअरसुद्धा बोअरवरचेच.

हे माझ्या सांगण्यावर ठेवू नका, पाच मिनिटांत तपासता येतं. एपीओमध्ये बाकी सगळं बंद करून फक्त प्रीअँप (एकूण पातळीची खुंटी) उणे २० डीबी, म्हणजे डेसिबल, करा. मग एकच गाणं ब्राउझरमध्ये, व्हीएलसीमध्ये आणि रीपरमध्ये वाजवा. जिथं आवाज बसला तो प्रोग्राम टाकीवर, जिथं ढिम्म फरक पडला नाही तो बोअरवर. कुठलाही नवा प्रोग्राम, नवा ड्रायव्हर आला की मी हेच पहिलं करतो. कानाला बारीक ईक्यू चालू की बंद हे चटकन कळत नाही, २० डीबी शेजाऱ्यालाही कळतात.

एकदा हे कळलं की तुमच्यापुढे दोन सरळ मार्ग आहेत. पहिला, रीपरच्या ऑडिओ डिव्हाइस सेटिंगमध्ये एएसआयओ सोडून वासापी शेअर्ड निवडायचं. रीपर टाकीवर येतं, एपीओ सगळ्यांना लागतं, विषय संपला. किंमत एवढीच की विंडोजचा मिक्सर साधारण १० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत काम करतो आणि त्यावर बाकीचे बफर (आवाज थोडा साठवून पुढं देणारे टप्पे) चढतात, म्हणून ह्या वाटेनं गायकाला रीपरमधून ऐकवता येत नाही. नुसतं मिक्सिंग करणाऱ्याला काहीच अडचण नाही. ज्याचं रेकॉर्डिंग दुसरीकडे होतं आणि घरी फक्त मिक्स होतं, त्याला मी डोळे झाकून हाच मार्ग सांगतो.

तुम्ही रेकॉर्डिंगही करता, म्हणून तुमच्यासाठी दुसरा. रीपर एएसआयओवरच राहू द्या. ब्राउझर वगैरेसाठी एपीओ तसंच चालू ठेवा. आणि रीपरमध्ये व्ह्यू मेनूतलं मॉनिटरिंग एफएक्स उघडून दुरुस्तीचे तेच फिल्टर तिथं बसवा. मास्टरवरून ईक्यू कायमचा काढून टाका. मॉनिटरिंग एफएक्स मास्टरच्या पुढं, फक्त ऐकण्याच्या वाटेवर बसतं. रेंडर करताना, म्हणजे फाइल काढताना, रीपर ते धरतच नाही आणि ते एका प्रोजेक्टपुरतं नसून सगळ्या प्रोजेक्टना लागू असतं. म्हणजे बंद करायला विसरलो ही भानगडच उरत नाही. दुरुस्ती दोन ठिकाणी बसली तरी प्रत्येक आवाज त्यातल्या एकाच ठिकाणाहून जातो, कारण वाटाच वेगळ्या आहेत. क्युबेस प्रोमध्ये ह्याच कामाला कंट्रोल रूम आहे, स्टुडिओ वनमध्ये लिसन बस. ज्या प्रोग्राममध्ये असं काहीच नाही तिथं वासापी शेअर्ड किंवा व्हर्च्युअल केबल हाच इलाज राहतो.

दोन्हीकडे फिल्टर तंतोतंत सारखे हवेत आणि इथं एक खाच आहे. रूम ईक्यू विझार्ड (खोली मोजायचं सॉफ्टवेअर) आणि एपीओ फिल्टरची रुंदी ‘क्यू’मध्ये मोजतात, आकडा मोठा तेवढा फिल्टर अरुंद. रीपरचा ईक्यू, रीआईक्यू, ऑक्टेव्हमध्ये मोजतो, आकडा मोठा तेवढा फिल्टर रुंद. क्यू १.४१ म्हणजे एक ऑक्टेव्ह, क्यू ४.३ म्हणजे साधारण एक तृतीयांश ऑक्टेव्ह. क्यूचा आकडा उचलून तसाच ऑक्टेव्हच्या खान्यात टाकला तर बारीक खड्ड्याचा तलाव होईल. चार-पाच फिल्टर असतील तर हातानं बदलून भरा. जास्त असतील तर विझार्डमधून फिल्टरांचा इम्पल्स (सगळ्या फिल्टरांचा मिळून एक ठसा) वेव्ह फाइल म्हणून काढा आणि एकच फाइल दोन्हीकडे वापरा: एपीओच्या कन्व्होल्युशनमध्ये आणि रीपरच्या रीआव्हर्बमध्ये. रीआव्हर्बमध्ये ड्राय (मूळ आवाज) पूर्ण बंद, वेट (फिल्टर लागलेला आवाज) शून्य डीबीवर. एपीओला मात्र त्या फाइलचा सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने) डिव्हाइसच्या रेटशी जुळलेला लागतो. म्हणून विंडोजच्या साउंड सेटिंगमधला डिफॉल्ट फॉरमॅट, इंटरफेसचा रेट आणि रीपर प्रोजेक्ट, तिन्ही ठिकाणी ४८ किलोहर्ट्झ करून टाका आणि विसरून जा.

एपीओमध्ये ईक्यूऐवजी प्लगिन टाकायचं असेल तर व्हीएसटी २ प्रकारचं, ६४ बिटचं घ्या. ते विंडोजच्या ऑडिओ सेवेच्या आत चालतं, तुमच्या यूझर खात्यात नाही. त्यामुळे ज्या प्लगिनचं लायसन्स तुमच्या खात्याच्या फोल्डरमध्ये किंवा डोंगलवर (लायसन्सच्या यूएसबी चावीवर) असतं, ती कधी कधी उघडतात पण आवाजच देत नाहीत. साधी, लायसन्सच्या भानगडी नसलेली प्लगिन तिथं सुखानं नांदतात.

व्हर्च्युअल केबलची कडकड कशानं होते तेही समजून घ्या, कारण पुढं कधीतरी ती लागेलच. तुमच्या इंटरफेसमध्ये एक घड्याळ आहे, ते सेकंदाला ४८,००० नमुने मोजतं. व्हर्च्युअल केबलला स्वतःचं हार्डवेअर नाही, ती कॉम्प्युटरच्या घड्याळावर मोजते. दोन घड्याळं कधीच अगदी बरोबर चालत नाहीत. एकीकडे नमुने जास्त साठतात किंवा दुसरीकडे कमी पडतात आणि तिथं टक्कन तुटतं. एकीकडे ४४.१ आणि दुसरीकडे ४८ असेल तर त्यात रूपांतराची भर. बफर वाढवला की तुटणं कमी होतं पण उशीर वाढतो. तुम्ही नेमके ह्याच दोन टोकांत अडकला आहात. रीपर, केबल, प्लगिन चालवणारा होस्ट आणि मग इंटरफेस, अशा साखळीत प्रत्येक कडीचा बफर वेगळा. ५१२ नमुन्यांचा एक बफर ४८ किलोहर्ट्झला १०.७ मिलिसेकंद खातो. असे तीन-चार झाले की गायकाला आपला आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटणारच. तुमच्या कामाला केबलची गरज नाही. काढून टाका.

तुटण्याचं आणखी एक कारण आपल्याकडे हमखास असतं. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि विंडोज प्रोसेसरची चाल कमी करतं. इन्व्हर्टरवर चार्जर असेल तर ठीक, नसेल तर बॅटरीवरसुद्धा पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर ठेवा. आणि स्पीकरमध्ये घर्रर्र असा हम येत असेल तर तो बहुतेक अर्थिंगचा प्रश्न असतो, त्याला कुठलंही प्लगिन लावू नका. वायरमन बोलवा.

गायकाच्या उशिराचा उपाय तर ह्या सगळ्याच्या बाहेर आहे. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण किंवा खुंटी असेल, ती लावा. गायकाचा आवाज माइकमधून इंटरफेसच्या आतूनच हेडफोनला जातो, कॉम्प्युटरमध्ये येतच नाही. रीपरमधलं रेकॉर्ड मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर दोन-दोन आवाज ऐकू येतील. कुणाला थोडा रिव्हर्ब (देवळात घुमल्यासारखा परिणाम) लागतो, कीर्तनकारांना तर लागतोच. तर रीपरमधून फक्त रिव्हर्बचा ओला आवाज द्या. रिव्हर्ब १५-२० मिलिसेकंद उशिरा आला तर कुणाला कळत नाही, उलट बरा वाटतो.

इथंच एक गोष्ट फार जण नजरेआड करतात. दोन इनपुटच्या बहुतेक इंटरफेसमध्ये हेडफोनला तोच आवाज जातो जो स्पीकरच्या १-२ आउटपुटला जातो. म्हणजे तुमच्या खोलीची दुरुस्ती गायकाच्या कानातही जाते आणि रात्री तुम्ही हेडफोनवर मिक्स करता तेव्हा तुमच्याही. हेडफोनमध्ये खोली नाही, तिथं ११२ हर्ट्झचा खड्डा म्हणजे निव्वळ चुकीचं ऐकणं. म्हणून तीन प्रीसेट ठेवा: खोली, हेडफोन, आणि पूर्ण बंद. एपीओमध्ये तीन वेगवेगळ्या फाइली करून मुख्य फाइलमधून एकावेळी एकच जोडायची. रीपरमध्ये मॉनिटरिंग एफएक्सच्या तीन चेन (प्लगिनच्या रांगा). हेडफोनसाठी ऑटोईक्यू नावाच्या मोफत प्रकल्पात शेकडो मॉडेलांचे फिल्टर एपीओला चालतील अशा स्वरूपात तयार मिळतात. ते त्या मॉडेलच्या मोजणीवर केलेले असतात, तुमच्या कानावरच्या नेमक्या जोडीवर नाही. त्यामुळे वरच्या पट्ट्यातले बारीक फिल्टर मी अर्ध्या ताकदीनं लावतो.

आता दुरुस्ती किती करायची. ह्यावर माझं मत जरा कडक आहे. खोलीची दुरुस्ती मी ३०० हर्ट्झच्या खालीच करतो. त्याच्या वर खुर्ची अर्धा फूट हलली तरी आलेख बदलतो. मग कुठल्या जागेची दुरुस्ती करणार? खाली फुगवटे कापायचे, खड्डे भरायचे नाहीत. खड्डा पडतो कारण भिंतीवरून परत आलेली लाट सरळ लाटेला खाऊन टाकते. स्पीकरचा आवाज वाढवला तर परतणारी लाटही तेवढीच वाढते. ६ डीबी टाकले तरी खड्डा तिथंच, फक्त अँपची दमछाक. एचएस ५ च्या बाबतीत तर कंपनी स्वतःच ५४ हर्ट्झला पातळी १० डीबी खाली आलेली सांगते. त्याखाली ईक्यूनं ओढून काढण्यात अर्थ नाही. उलट मागच्या पॅनेलवर रूम कंट्रोलचं बटण आहे, उणे २ आणि उणे ४ डीबीचं. स्पीकर भिंतीला चिकटून असतील तर आधी ते वापरा, मग उरलेलं मोजा. स्पीकरची जागा हलवून सुटतं ते ईक्यूनं सोडवायचं नाही. मागची भिंत ६० सेंटिमीटरवर असेल तर तिच्यामुळे पडणारा पहिला खड्डा १४३ हर्ट्झच्या आसपास येतो, आणि अंतर बदललं की तो सरकतो. मोजत मोजत स्पीकर पुढंमागं करा.

फार अरुंद फिल्टरही टाळा. आपल्याकडे मे महिन्यात बंद खोलीत ४० अंश सहज होतात. त्या तापमानाला आवाजाचा वेग ३५५ मीटरच्या पुढं जातो, आणि तुमचा ५६ चा सूर ५८ ला आणि ११२ चा ११६ ला सरकतो. डिसेंबरात मोजून क्यू १५ चा सुईसारखा फिल्टर लावला असेल तर मे महिन्यात तो रिकाम्या जागी टोचत बसेल. क्यू ४-५ च्या पुढं मी सहसा जात नाही. मोजताना कूलर आणि पंखा बंद, दार नेहमी काम करताना असतं तसंच. कॅलिब्रेशन फाइल (माइकची स्वतःची चूक भरून काढणारी) मिळणारा माइक असावा. मिनीडीएसपीचा यूमिक १ हा यूएसबीवर चालतो आणि प्रत्येक माइकची फाइल त्याच्या सीरियल नंबरवर मिळते. गाण्याचा माइक मोजणीला घेऊ नका, त्याचा स्वतःचाच आलेख वाकडा असतो. आणि डोक्याच्या एकाच जागेवर न मोजता आजूबाजूच्या पाच-सहा जागांची सरासरी काढा.

मोजतानाही वाटेचं भान ठेवा. विझार्ड जर एएसआयओवर चालत असेल तर त्याचा स्वीप (खालून वर चढत जाणारा मोजणीचा सूर) एपीओला बगल देऊन जाईल. पहिल्या, कोऱ्या मोजणीला तेच हवं. दुरुस्ती लागली का हे बघायच्या दुसऱ्या मोजणीला मात्र विझार्डला जावाच्या ड्रायव्हरवर आणून स्वीप विंडोजच्या मिक्सरमधून काढावा लागतो. नाहीतर दोन्ही आलेख सारखे येतात आणि माणूस म्हणतो दुरुस्तीचा काही उपयोग नाही.

पातळीचं एक. एखाद्या फिल्टरनं ३ डीबी वाढवले असतील तर प्रीअँप निदान तेवढा खाली घ्या. वरपर्यंत भरलेलं गाणं ईक्यूनं शून्याच्या वर गेलं की विंडोजच्या मिक्सरच्या शेवटी बसलेला लिमिटर ते दाबतो आणि संदर्भाचं गाणं तुम्हाला मुळापेक्षा वेगळंच ऐकू येतं. पण प्रीअँप खाली घेतला की दुरुस्ती चालू केल्यावर आवाज हळू होतो आणि हळू आवाज कुणालाही फिकाच वाटतो. पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्यांत पसरलेला सळसळ आवाज) लावून, फोनवरच्या मीटरनं का होईना, चालू आणि बंदची पातळी सारखी करा आणि मगच चांगलं-वाईट ठरवा. रीपरच्या बाजूलाही तेवढीच घट ठेवा, म्हणजे यूट्यूब आणि तुमचं मिक्स एकाच पातळीवर ऐकता येईल.

कधीतरी एक दिवस एपीओ अचानक लागेनासं होईल. विंडोजचं मोठं अपडेट किंवा इंटरफेसचा नवा ड्रायव्हर आला की त्याची नोंद पुसली जाते. डिव्हाइस निवडायचं त्याचं छोटं टूल उघडून इंटरफेस पुन्हा टिक करा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. दुसरं कारण गमतीचं आहे. स्टुडिओवाल्यांना कुणीतरी सांगतं की विंडोजची ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा. सल्ला चांगला आहे, पण त्या डिव्हाइसची एन्हान्समेंट बंद केली की एपीओही त्याच्याबरोबर झोपतं, कारण विंडोजच्या लेखी तेही एक एन्हान्समेंटच. लॅपटॉप बनवणाऱ्यानं टाकलेलं बास बूस्ट वगैरे त्याच्या स्वतःच्या अ‍ॅपमधून बंद करा.

मॅकवाल्यांसाठी दोन ओळी. तिथं विंडोजसारखी मिक्सरमध्ये घुसायची सोय नाही, म्हणून मध्ये कुणीतरी आवाज पकडावा लागतो. रोग अमीबाचं साउंडसोर्स विकत मिळतं आणि त्यात सगळ्या आवाजावर किंवा एकेका अ‍ॅपवर ऑडिओ युनिट प्लगिन लावता येतात. फुकटात करायचं तर ब्लॅकहोल नावाचं व्हर्च्युअल डिव्हाइस आणि एखादा होस्ट, पण मग ऑडिओ मिडी सेटअपमध्ये ड्रिफ्ट करेक्शन लावायला विसरू नका, वर सांगितलेली दोन घड्याळांची भानगड तिथंही आहे. लिनक्सवर पाइपवायर असेल तर काम सगळ्यांत सोपं. साधे प्रोग्राम आणि जॅकवर (लिनक्सच्या एएसआयओसारख्या वाटेवर) चालणारे आर्डरसारखे प्रोग्राम एकाच जाळ्यात येतात, म्हणून ईझी इफेक्ट्स किंवा पाइपवायरचीच फिल्टर चेन लावली की बोअर आणि टाकी असा भेदच उरत नाही. एवढ्यासाठी सिस्टिम बदला असं मात्र मी सांगणार नाही.

ऐकण्याच्या वाटेवर दुरुस्तीशिवाय काय ठेवावं? मोनोचं बटण जरूर ठेवा. तुमचे श्रोते देवळाच्या भोंग्यावर आणि फोनच्या एका स्पीकरवर ऐकणार आहेत, आणि स्टीरिओत छान पसरलेले टाळ मोनोत गायब होतात ते तिथं लगेच कळतं. एका बटणावर २०० हर्ट्झखालचं सगळं कापणारा फिल्टर ठेवा. पखवाज किंवा संबळ त्यातूनही कळतो का बघा. कळत नसेल तर थापेचा वरचा भाग मिक्समध्ये आणायला हवा. लाउडनेस मीटर ठेवा. कंप्रेसर, एक्सायटर, ‘सराउंड’ असलं काहीही ठेवू नका, मग ते कितीही गोड वाटो. त्या गोडव्यावर केलेलं मिक्स बाहेर कोरडं निघतं.

सगळं बसवल्यावर एकदा खात्री करून घ्या. मॉनिटरिंग एफएक्स चालू ठेवून गाणं रेंडर करा, मग बंद करून तेच पुन्हा करा. दोन्ही फाइली नव्या प्रोजेक्टमध्ये एकाखाली एक ठेवून एकीचा फेज उलटा करा, म्हणजे सारख्या लाटा एकमेकींना खाऊन टाकतील. शांतता आली तर मॉनिटरिंग एफएक्समधली दुरुस्ती फाइलमध्ये शिरत नाही हे पक्कं. काही रिव्हर्ब आणि कोरस दर वेळी थोडे वेगळे वाजतात, त्यांची कुजबुज उरली तर घाबरू नका. पण खालचा घुमारा उरला तर दुरुस्ती कुठूनतरी फाइलमध्ये शिरतेय. मास्टरवर जुना ईक्यू राहिला असेल तर तो दोन्ही फाइलींत सारखाच असतो आणि ह्या तपासणीत दिसत नाही, म्हणून मास्टर एकदा डोळ्यांनीही बघा.

राहिला महागड्या सॉफ्टवेअरचा प्रश्न. साउंडआयडी रेफरन्ससारख्यांमध्ये मोजणी, सिस्टिमसाठी वेगळं अ‍ॅप आणि प्रोग्राममध्ये टाकायचं प्लगिन असं एकत्र मिळतं, काम झटपट होतं. पण वाटा त्यालाही चुकत नाहीत. रीपर अ‍ॅपमधून जात असताना प्लगिनही चालू ठेवलं तर दुरुस्ती दोनदा लागेल, आणि ते प्लगिन मास्टरवर टाकलं तर पुन्हा पखवाजाचं तेच होईल. लीनिअर फेजच्या मोडची (सगळे पट्टे सारखेच उशिरा सोडणाऱ्या फिल्टरची) हौसही जपून करा. ४८ किलोहर्ट्झला ८१९२ टॅपचा, म्हणजे ८१९२ नमुने लांबीचा, असा फिल्टर ८५ मिलिसेकंद मागं पडतो. मिक्सिंगला चालेल, वाजवताना अजिबात नाही.

तुमच्या जागी मी पैसे आधी खोलीत घातले असते. भिंतीवर वाकळी टांगून काही होत नाही, त्या फक्त वरचा झणझणाट खातात आणि खोली आणखी बोदड करतात. ५६ हर्ट्झच्या लाटेचा पाव भाग दीड मीटरचा आहे, पातळ कापड तिला काय अडवणार? कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूलचे निदान चार-सहा इंचांचे जाड थर, कापडात नीट गुंडाळून, आणि बसायची जागा खोलीच्या बरोब्बर मधोमध नको. परत मोजा. ११२ चा फुगवटा दोन-चार डीबी जरी खाली आला तरी ईक्यूला तेवढंच कमी कापावं लागेल. त्यानंतरही सॉफ्टवेअर घ्यावंसं वाटलं तर दोन्ही मोजण्यांचे आलेख टाका, बघून सांगतो.